जपून ठेवलेला कान

सदर इसम पुरुष असून वय वर्षे सत्तावन्न, महिने चार. खाते पाणीपुरवठा, विभाग गळती शोध, पद क्षेत्रीय, कार्यक्षेत्र शहराचा पूर्व भाग. उंची मध्यम, बांधा मध्यम, वर्ण मध्यम. ओळखीची खूण: उजव्या कानाच्या पाळीवर घट्टा. सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा नाही, अनुकूलही नाही. जमिनीखालून वाया जाणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून जागा निश्चित करणे हे सदर इसमाचे कर्तव्य असून ते तो एकट्याने, स्वतःच्या कानाने पार पाडतो.

ह्या कामाला लागणारं यंत्र म्हणजे एक पोलादी सळई. लांबी छातीपर्यंत, वरच्या टोकाला लाकडी वाटी. खालचं टोक रस्त्यातल्या झडपेवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि थांबायचं. पाइप धड असेल तर काही ऐकू येत नाही. फुटका असेल तर बारीक, न तुटणारा सुस्कारा येतो. खात्यात सळईला 'काठी' म्हणतात आणि ती धरणाऱ्याला 'कान'. साहेब फोनवर सांगायचे, "चौकात रस्ता खचलाय, कान पाठवा." मग हे जायचे. चहाच्या टपरीवर, पगाराच्या रांगेत, बढती न मिळाल्याच्या पत्रावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेल्या टिपेतसुद्धा ते कानच होते.

पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत काम, म्हणून दुपारी झोप आणि दिवसभर शांतता. लग्न झाल्यापासून बायकोने ह्या कानाची बडदास्त ठेवली. दारांच्या बिजागऱ्यांना दर पंधरवड्याला तेल. मिक्सर फक्त ते बाहेर असताना. कुकर शिट्टी करतो म्हणून माळ्यावर. मुलगा आणि मुलगी भांडायची तीसुद्धा कुजबुजत, आणि फारच पेटलं तर पाटीवर लिहून. मुलीला व्हायोलिन शिकायचं होतं. तिला चित्रकलेच्या क्लासला घातलं.

तर हा असा जपलेला कान दोन वर्षांपूर्वी गेला.

ठार बहिरा नाही झाला. माणसांचं बोलणं डाव्या कानाने निभायचं. पण काठीच्या वाटीतून येणारा तो सुस्कारा एके दिवशी आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ते कुणाला काही बोलले नाहीत. डांबराच्या भेगेत गवत कुठे जास्त हिरवं आहे, भटकी कुत्री उन्हाळ्यात नेमकी कुठे पसरतात, कुठल्या भिंतीचा पाया ओल धरतोय, हे बघून ते जागा सांगू लागले. काठी लावायची, डोळे मिटायचे, बोट वर करून भोवतालच्यांना गप्प करायचं, दहा आकडे मोजायचे आणि आधीच पाहून ठेवलेली जागा दाखवायची. निम्म्या वेळा बरोबर यायची. निम्म्या वेळा रस्ता पुन्हा खणायचे, आणि खणलेला रस्ता पुन्हा खणणं ह्यात खात्यातल्या कुणालाच वावगं वाटलं नाही.

घरी कळायचा प्रश्नच नव्हता. ज्या घरात सगळेच कुजबुजतात तिथे "काय म्हणालीस?" असं विचारणाऱ्यावर संशय कोण घेणार?

पण आता क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीचं परिपत्रक निघालं. सोमवारी, कानासकट. नापास झालं की काठी जमा करायची आणि आवक-जावकच्या टेबलावर बसायचं. त्याच आठवड्यात त्यांच्या हाती सहलीचं एक माहितीपत्रक पडलं. तीन दिवस, प्राचीन अवशेष आणि नैसर्गिक झरे. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत होतं की उष्ण झऱ्याच्या वाफेने सांधे, त्वचा व कान मोकळे होतात.

"आपण सहलीला जाऊ," ते जेवताना म्हणाले.

बायकोने हातातला चमचा खाली ठेवला. आवाज न करता. "कोण कोण?"

"आपण दोघं."

एकतीस वर्षांत ही दुसरी सहल. पहिली म्हणजे खात्याचं प्रशिक्षण होतं, त्यात तिला खोलीवर बसवून ठेवलं होतं. तिने नवीन चपला घेतल्या आणि बहिणीला फोन करून तीनदा सांगितलं, अर्थात हळू आवाजात.

पहिल्या दिवशी पडकं नगर. बाकीचे प्रवासी खांबांचे फोटो काढत होते, आमचे कान मात्र एका खड्ड्याशी उकिडवे बसले होते. खड्ड्यात भाजलेल्या मातीचे पाइप उघडे पडले होते.

"दोन हजार वर्षांपूर्वीचे," गाइड म्हणाला. गाइड म्हणजे गळ्यात शिट्टी आणि तोंडात पाठांतर असलेला, सगळ्यांना काका-काकू करणारा तरुण.

"जोड बरा आहे," हे म्हणाले. "आमच्याकडचा चार वर्षांत गळतो."

"अहो, देऊळ तिकडे आहे," बायको म्हणाली.

"देवळात पाइप नाही."

दुसऱ्या दिवशी उष्ण झरे. पाच कुंडं, वर वाफ, आणि उकडलेल्या अंड्यांसारखा वास. बायकोने पाय सोडले आणि तासाभरात दोन अनोळखी बायकांशी तिची लेकींच्या लग्नापर्यंत मजल गेली. हे एका कपारीपाशी मान वाकडी करून बसले होते, उजवा कान वाफेत. उठले, हिंडून आले, पुन्हा बसले. दुपारी पुन्हा.

"अहो, एकच बाजू का शेकताय? उलटा की आता, करपेल."

"काय?"

"काही नाही. शेका."

संध्याकाळी कानात पाणी गेलं आणि डाव्या कानानेही कमी ऐकू येऊ लागलं.

तिसऱ्या दिवशी प्राचीन स्नानगृह. छप्पर गेलेलं, फरशी शाबूत. फरशीत सात मोठे काळे दगड. गाइडने शिट्टी वाजवली.

"मंडळी, ह्या फरशीखालून झरा आजही वाहतोय. सातातल्या एकाच दगडाखाली ऐकू येतो. कोण ओळखतंय?"

"ह्यांना विचारा!" बायकोचा आवाज त्या दिवशी एकतीस वर्षांत प्रथमच चार माणसांत चढला. "ह्यांचं कामच ते. अख्खं शहर ह्यांच्या कानावर चालतं."

वीसेक माणसं वळून बघू लागली. माघार घ्यायला जागा नव्हती. त्यांनी सातही दगड डोळ्यांखालून घातले. तिसऱ्याच्या कडेला शेवाळ होतं, ओलही होती. ते गुडघे टेकून खाली झाले, उजवा कान दगडाला लावला, डोळे मिटले, बोट वर केलं. माणसं चिडीचूप. दहा आकडे झाले.

"ह्याच्याखाली," ते म्हणाले. "दाब चांगला आहे."

"काका, ती बागेची नळी ठेवायची जागा," गाइड म्हणाला. "रोज पाणी सांडतं तिथे."

माणसं हसली, मनमुराद हसली. एका काकांनी तर "अख्खं शहर!" म्हणून टाळीसाठी हात पुढे केला. बायको हसली नाही. ती नवऱ्याच्या अजून वर राहिलेल्या बोटाकडे बघत होती. मग तिने पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि पहिल्या दगडाला कान लावला. दुसऱ्याला लावला. सहाव्यापाशी ती बराच वेळ राहिली.

"इथे," ती म्हणाली. "दोन आहेत. एक जवळून जातोय, एक खालून."

गाइडचं पाठांतर थांबलं. "आम्ही एकच सांगतो, काकू. पण आमचे म्हातारे गाइड होते ते म्हणायचे, दोन आहेत. त्यांच्यानंतर कुणाला दुसरा ऐकू आला नाही."

ती उठली, पर्स घेतली आणि बाहेरच्या पडक्या भिंतीवर जाऊन बसली. नवऱ्याच्या उजव्या बाजूला.

"कधीपासून?"

"अं?"

"अहो, ह्या बाजूने विचारतेय म्हणून 'अं' करताय. कधीपासून?"

ते चपलेने माती उकरत राहिले. "दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं." तिने नुसतं म्हणून पाहिलं. "दोन वर्षं मी शिंकायला बाथरूममध्ये जातेय."

"तसं तू बाथरूममध्ये—"

"कुकर माळ्यावर ठेवून पातेल्यात तास तास शिजवतेय. लेकीने परवा पुन्हा व्हायोलिन काढलं, तर मी सांगितलं, बाबा निवृत्त होऊ देत. आणि इथे कान नावाचा प्रकारच शिल्लक नाही!"

"हळू बोल, लोक ऐकतील."

"ऐकू दे! कुणाला तरी ऐकू येऊ दे!"

लोक ऐकत होते. त्यांनी उकरलेली माती चपलेने पुन्हा सारखी केली. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर काठी गेली असती."

"गेली असती तर? टेबल मिळालं असतं. पंख्याखाली बसला असता."

"टेबलावर मी काय करू? मला दुसरं काय येतं?"

त्यांना दुसरं खरोखरच काही येत नव्हतं. साधा चहा टाकला तरी तो उतू गेल्याचं त्यांना वासावरून कळायचं. हे तिला आत्ता उमगलं.

"आणि ही सहल?" तिने विचारलं.

त्यांनी माहितीपत्रक काढून तिसरं पान दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं.

"म्हणजे मला नाही आणलंत. कानाला आणलंत. मी सोबत."

"तुलाही आणलंच ना."

"माझ्या चपला नवीन आहेत," ती म्हणाली, आणि ह्या वाक्याचा अर्थ त्यांनी विचारला नाही, हे शहाणपणाचं झालं.

लॉजवर परतल्यावर तिने टीव्ही लावला. पूर्ण आवाजात. शेजारच्या खोलीतले काका दार वाजवून गेले. तिने आणखी एक कळ दाबून पाहिली, पण आवाज त्याच्या वर जात नव्हता.

"सोमवारी काय करणार?" तिने टीव्हीवरून ओरडून विचारलं.

त्यांनी बेत आखला होता. तपासणीच्या काचेच्या खोलीत बसवतात, बाहेरून नर्स बटण दाबते, आवाज आला की हात वर करायचा. बटण दाबताना नर्सचा खांदा हलतो, हे त्यांनी गेल्या खेपेलाच पाहून ठेवलं होतं.

"डॉक्टरांना खरं सांगा," ती म्हणाली. "नाहीतर मी येऊन सांगते. अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल, तुम्हाला सोडून."

सोमवारी नर्सचा खांदा हलला. त्यांनी हात वर केला नाही. पुन्हा हलला, पुन्हा नाही. मग ते आपणहून बाहेर आले आणि डॉक्टरांना म्हणाले, "लिहून टाका. उजवा गेला. डावा कधी फारसा नव्हताच."

फाइल अभियंता बाईंपुढे गेली. बाई तिशीतल्या, नव्या बदलून आलेल्या. त्यांनी फाइल वाचून डोक्याला हात लावला.

"काका, तुम्हाला टेबलावर बसवते. पण पूर्व भागात पाठवू कोणाला? गळती शोधात सहा पदं मंजूर आहेत, भरलेलं एक आहे. ते तुम्ही. दुसरा कान आणू कुठून?"

कोणता पाइप कुठून वळतो, कुठला जोड कोणत्या साली कुणी घाईत घातला, हे सगळं त्यांना पाठ होतं, आणि ते कोणत्याच नकाशात नव्हतं.

"घरी आहे एक," ते म्हणाले.

बाईंनी नियम चाळले. कर्मचाऱ्याने पत्नीला सोबत न्यावं असं कुठे नव्हतं. नेऊ नये असंही नव्हतं. त्यांनी शेरा मारला: 'सहायक मिळेपर्यंत सदर कर्मचारी क्षेत्रीय कामावर राहतील.' सहायकाचं पद नऊ वर्षं रिकामं आहे.

आता पहाटे दोघं निघतात. काठी ती धरते, झडपेचं झाकण ते उचलतात.

"हा पाइप पुढे डावीकडे वळतो, बरं का. तिथला जोड त्या आळशी—"

"गप्प बसा हो जरा," ती बोट वर करते.

ते गप्प बसतात. शेजारून दूधवाल्याची सायकल गेली तर ते तिलाही हाताने थांबवतात. घरी गेल्यावर कुकर, मिक्सर आणि व्हायोलिन एकाच वेळी चालू असतात. लेक शिकतेय, त्यामुळे ऐकवत नाही, पण ते तिला सांगतात की छान वाजतंय.

गेल्या महिन्याच्या अहवालानुसार पूर्व भागात चौदा गळत्या सापडल्या असून शोधणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं पद लिहिलेलं आहे. तेरा बायकोने ऐकल्या. चौदावीचं पाणी रस्त्यावर आलं होतं.