अर्धशिशीची संकष्टी

माझ्या डोक्याबद्दल मला सोडून सगळ्यांना सगळं कळतं. फॅक्टरीतून रिटायर झालेले बाबा म्हणायचे, चष्म्याचा नंबर वाढला. शेजारच्या दीदींच्या मते सायनस. आमच्या अधारताल भागातल्या मेन रोडवरचा मेडिकलवाला भैया काहीच म्हणायचा नाही. मी दिसले की गोळ्यांची पट्टी काढून काउंटरवर ठेवायचा. आणि आईचा निकाल असा, की हे पित्त आहे आणि त्यावर संकष्टी धरावी. मी तीही धरली. दिवसभर पोटात चहा आणि डोक्यात घण.

मी शाळेत गणित शिकवते. फळ्यावर समीकरण लिहिताना डाव्या बाजूचे आकडे चमकून गायब व्हायचे. त्यानंतर अर्ध्या तासात अर्धं डोकं ठणकायला लागायचं, उलटी व्हायची आणि मी घरी. अशा इतक्या सुट्ट्या झाल्या की दहावीचा वर्ग दुसऱ्या बाईंना द्यायची भाषा सुरू झाली. तेव्हा कुठे मी सिविल लाइंसमधल्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी गोळी दिलीच नाही. महिनाभर लिहून आणायला सांगितलं: कधी दुखलं, काय खाल्लं, किती झोपलात, कोणती गोळी घेतली. मी भडकले. डोकं दुखतंय म्हणून आले आणि हे गृहपाठ देतायत! पण मास्तरणीच्या जातीला गृहपाठ चुकवणं जमत नाही.

वही पाहून ते म्हणाले, "मॅडम, आपको एक नहीं, दो सिरदर्द हैं." एक अर्धशिशी, जी उपाशी राहिलं, झोप मोडली की उठते. दुसरी मी स्वतः पाळलेली: महिन्यातले वीस दिवस दुखण्याची गोळी खाल्ली की गोळीच डोकं दुखवायला लागते. भैयाची पट्टी बंद. पहिले काही दिवस जास्त दुखेल, सोसा. अर्धशिशी येऊच नये म्हणून रोजची एक वेगळी गोळी, आणि जेवण वेळेवर. वहीतल्या संकष्टीच्या तारखेभोवती त्यांनी पेनाने गोल केला होता.

पहिला आठवडा मी घरातल्या प्रत्येकावर ओरडले. मग हळूहळू उतरलं. वर्ग माझ्याकडेच राहिला.

पुढच्या संकष्टीला मी सकाळीच पोहे खायला बसले, तर आईचा चेहरा उतरला.

"उपास काहून सोडला?"

"उपासानेच दुखतं, आई. डॉक्टरांनी सांगितलं."

"अच्छा! मी तर लग्नाच्या आधीपासून करून राहिली."

"कशासाठी?"

"डोक्यासाठीच न."

मी हातातला चमचा खाली ठेवला. दर महिन्याला एक दिवस ती खोलीत अंधार करून, कपाळाला पदर बांधून पडायची. आम्ही त्याला उपासाचा थकवा म्हणायचो आणि बाहेर टीव्ही मोठा लावायचो.

"मग थांबलं का डोकं?"

"नाही न."

"तरी करतेच आहेस? सांगितलं काहून नाही कोणाला?" माझा आवाज चढला होता.

"उपास सोडला आन तरी दुखलंच," ती म्हणाली, "तर मग काय करू मी?"

मला तिचा राग आला, आमचा सगळ्यांचा आला. मी तशीच उठले आणि दवाखान्यात फोन करून तिचा नंबर लावला.