धुतलेली डबी

माझी मुलगी डोळ्यांत लेन्स लावते. लेन्स ठेवायची तिची दोन झाकणांची छोटी डबी मोरीजवळच्या फळीवर असायची. एक दिवस तिचा उजवा डोळा लाल झाला. दोंडाईच्यातल्या मेडिकलवरून आणलेले थेंब चार दिवस घातले, तरी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला, उजेड सहन होईना. तिने धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, लगेच या आणि लेन्स डबीसकट आणा.

ती कपडे बदलत होती तेवढ्यात मी डबी उघडून पाहिली. आत बुळबुळीत थर होता. एवढी घाण वस्तू डॉक्टरांसमोर कशी ठेवायची? या घरात बाई आहे की नाही, असं वाटेल त्यांना. मी भांड्यांच्या पावडरने डबी घासली, कढत पाण्यातून काढली, लेन्सही चोळून धुतल्या आणि सगळं स्वच्छ रुमालात बांधलं.

तो ठिपका म्हणजे जखम होती; डॉक्टरांनी ती खरवडून नमुना घेतला. म्हणाले, आधी औषध घातलंय, त्यामुळे यात जंतू सापडतीलच असं नाही. पण डबीत सापडतील, आणि जंतू कळला की त्याला लागू पडेल तेच औषध देता येईल. मग त्यांनी रुमाल सोडला. डबी चकाकत होती.

"बठ्ठं धुई टाकं का, ताई?" त्यांनी मुलीला विचारलं.

मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो, सगळंच. चुकून."

"शिकलेली माणसं तुम्ही," ते म्हणाले. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

नमुन्यात काहीच निघालं नाही. अंदाजाने दिलेल्या औषधाला जंतू दाद देईनात. मग दुसरं दिलं, दर तासाला एक थेंब. मीच घालायचे. तिची पापणी धरून ठेवताना ठरवायचे, पुढच्या खेपेला सांगेन. तिथे गेले की तोंड उघडायचं नाही. पहिल्या दोन-तीन खेपांना तीच बोलणी खायची; पुढे डॉक्टर डबीचं नावही काढेनात.

सहाव्या खेपेला डॉक्टर म्हणाले, जखम भरली, पण डाग राहील, उजव्या डोळ्याने थोडं धूसर दिसेल. तेव्हा मी म्हणाले, "डबी मी धुतली होती."

"कोणती डबी?" त्यांनी विचारलं.

परतीच्या बसमध्ये मुलगी म्हणाली, "माय, आते काय उपेग शे सांगीसन?" ती रागावली नव्हती. खिडकी तिच्या उजव्या हाताला होती. बाहेर बघायला तिने मान जरा जास्तच वळवली.