ओलं भंगार

कादरभाई शेख हडपसरच्या तांबं वितळवायच्या कारखान्यात एकवीस वर्षं भट्टीवर होते. जुन्या तारा, फुटकी भांडी, मोटारींचं भंगार तिथे वितळवून तांब्याच्या विटा ओतत. अठ्ठ्याहत्तरमध्ये भट्टी पेटली, त्याच महिन्यात ते आणि येरवड्याचे रामदास ओव्हाळ कामाला लागले. दोघांची पाळी एक, डबाही बरोबरच.

एक्क्याण्णवनंतर बाहेरचं तांबं स्वस्तात येऊ लागलं. मालकांनी निम्मी माणसं काढली आणि उरलेल्यांकडून तेवढाच माल मागितला. पूर्वी पावसात भिजलेलं भंगार दिवसभर वाळवून मगच भट्टीत टाकत. वितळलेल्या तांब्यात पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू बाहेर उसळतो. आता तेवढी सवड कुणालाच नव्हती.

शहाण्णवच्या ऑगस्टमध्ये असाच धातू रामदासच्या अंगावर उसळला. तिसऱ्या दिवशी ते गेले. रामदास पिऊन आले होते, असा जबाब मालकांनी कादरभाईंकडून लिहून घेतला. नोकरी जाईल या भीतीने त्यांनी सही केली. मालकांवर ठपका आला नाही. तीन वर्षांनी कारखाना बंदच पडला आणि त्या जागेवर सॉफ्टवेअर कंपनीची इमारत उठली.

दोन हजार सातमध्ये डॉक्टरांनी कादरभाईंना फुप्फुसं निकामी झाल्याचं सांगितलं. त्याच आठवड्यात ते धापा टाकत रामदासच्या बायकोकडे, चंपाबाईंकडे गेले आणि जबाब खोटा होता म्हणाले.

"ते मला माहीतच होतं भाई. त्यांनी कधी थेंब घेतला नाही," चंपाबाई म्हणाल्या. "पण शाळेत पोरं आमच्या लेकीला, मैत्रीला, दारुड्याची पोर म्हणायची. ती बापाचं नावसुद्धा काढत नाही. तिला सांगा."

बाप गेला तेव्हा मैत्री बारा वर्षांची होती. आता आयटीत नोकरीला होती. संध्याकाळी ती आल्यावर कादरभाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "भंगार ओलं आहे हे बाबांना कळलं नव्हतं?"



"कळलं होतं. तो टाकायला तयार नव्हता. मीच म्हणालो, टाक, काही होत नाही."

चंपाबाईंना हे माहीत नव्हतं. त्या उठून आत गेल्या आणि कादरभाई जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. कादरभाईंना जिना उतरवेना, म्हणून मैत्रीने दंडाला धरून रिक्षापर्यंत सोडलं.

डिसेंबरात कादरभाई गेले. त्यांच्या बायकोने, जरीनाने, निरोप पाठवला. ओव्हाळांकडून कुणी गेलं नाही.

बापाच्या स्मृतिदिनाला मैत्री एरवी काही ना काही निमित्त काढून घराबाहेर राहायची. पुढच्या ऑगस्टमध्ये तिने रजा टाकली आणि दिवसभर आईजवळ बसून राहिली.