तेता रेझ्काची मधमाशी

मिरजेहून निघालो त्या सकाळी माझा एक बूट सापडेना. तो नंदूने, माझ्या चार वर्षांच्या मुलीने, लपवला होता, आणि कुठे ते सांगायला ती तयार नव्हती. बाहेर टांगेवाला ओरडत होता. शेवटी मेहुण्याचे बूट घातले. ते मोठे होते म्हणून पुढे कागद कोंबला. आई म्हणाली, "दोन वर्षं काय, बघता बघता जातील." माझी बायको शालिनी खाली मान घालून कागदाचा आणखी एक बोळा करत होती. नंदू मात्र खुशीत होती. बूट नाही म्हणजे बाबा जाणार नाहीत, अशी तिची खात्री होती. टांगा वळला तेव्हा तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं नाही. मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो.

क्लीव्हलँडमध्ये मशीन टूल्सच्या कारखान्यात नोकरी होती, आणि स्लोव्हेनियन लोकांच्या वस्तीत एका विधवा बाईंकडे वरची खोली भाड्याने मिळाली. त्यांचं नाव रेझ्का. गल्लीतली मुलं त्यांना 'तेता रेझ्का' म्हणत. तेता म्हणजे आत्या, मावशी, काकू, सगळंच. आज इथल्या मराठी मंडळातली मुलं मला ज्या अर्थाने काका म्हणतात, तसंच.

रेझ्काबाई मुलांसाठी गोष्टी लिहीत, त्यांच्या भाषेत. महायुद्ध संपताना त्या डोंगर ओलांडून पायी देशाबाहेर पडल्या, काही वर्षं निर्वासितांच्या छावणीत काढून इथे आल्या. पळून गेलेल्यांची पुस्तकं तिकडे विकली जात नसत. इथे चर्चच्या छापखान्यात त्यांची छोटी पुस्तकं निघायची, पण ज्या मुलांसाठी ती निघत, ती मुलं इंग्रजीत गेली होती. त्या वाचायला लागल्या की त्यांचाच मुलगा म्हणायचा, "मा, इंग्लिश प्लीज." तेव्हा मला हसू यायचं. आता न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, सुट्टीत आलेला माझा नातू गाडीच्या मागच्या सीटवरून हेच म्हणतो.

रविवारी दुपारी त्या अक्रोडाची गोड गुंडाळी करायला घेत. टेबलभर कणीक पातळ पसरता पसरता मला गोष्ट सांगत, अर्धी मोडक्या इंग्रजीत, अर्धी पिठाच्या हातांनी. आधी प्रत्येक वाक्य स्लोव्हेनियनमध्ये मोठ्याने म्हणून बघत. अडखळल्या तर ते तोडत. "मुलांचा श्वास लहान असतो," म्हणत. आणखी एक म्हणत: "मुलं शेवट धरून ठेवतात. तिथे खोटं बोलायचं नाही."

त्यांच्या गावाकडे मधमाश्यांच्या पेट्या एकावर एक रचलेल्या असतात, आणि माशीला आपलं घर ओळखता यावं म्हणून प्रत्येक पेटीच्या फळीवर वेगळं चित्र रंगवतात. त्यांच्या गोष्टीतली माशी दूरच्या शेतात मध गोळा करायला जाते. परत येते तर पेटी जागेवर नाही. मालकाने ती गाडीत घालून दुसरीकडे नेलेली. ती दारोदार फिरते. शेवटी एका परक्या पेटीतल्या पहारेकरणी तिला आत घेतात, कारण तिच्यापाशी मध आहे. भरल्या हाताने आलेल्याला त्या अडवत नाहीत. माशी तिथेच राहते. गोष्ट संपली.

मी नंदूसाठी कॅसेटवर गोष्टी रेकॉर्ड करून, भारतात जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायचो. गोष्टी सगळ्या रेझ्काबाईंच्या. चित्रांच्या जागी मी दारापुढच्या रांगोळ्या घातल्या, आणि मधमाशीचा शेवट बदलला. परक्या घरात राहिलेली माशी मला नंदूला सांगवेना. माझी माशी गाडीमागे उडत जाते, आपली रांगोळी ओळखते आणि घरी पोचते. नंदूने पत्रात विचारलं, या गोष्टी कोण करतं? मी लिहिलं, मी.

एकदा तीच गोष्ट पुन्हा रेकॉर्ड करत होतो, तेव्हा खालून आवाज ऐकून रेझ्काबाई वर आल्या. "मधमाशी सांगतोस ना? झूं झूं कळतं मला." मी हो म्हणालो. खूश झाल्या. "मग? मागच्या वेळी शेवट ऐकून काय म्हणाली मुलगी?"

"थोडी रडली," मी म्हणालो.

"रडली? गुड! म्हणजे समजली तिला."

दोन वर्षांची सहा झाली. शालिनी आणि नंदू आल्या तेव्हा मी न्यू जर्सीत नोकरी बघून ठेवली होती. रेझ्काबाईंनी दोन-तीनदा फोनवर विचारलं, मुलीला कधी आणतोस? मी कामाचं निमित्त सांगत राहिलो. त्या गेल्याचंही मला उशिरा कळलं. पुढे रविवारच्या मराठी शाळेत मी त्याच गोष्टी सांगितल्या. मंडळातल्या तुमच्यापैकी कित्येकांची मुलं 'काकांची मधमाशी' ऐकत वाढली. काकांची नव्हती ती.

यंदा मी ऐंशीचा झालो. नंदू दूर दक्षिणेत अल्फारेटाला असते, तिचेही केस पिकलेत. तिने त्या सगळ्या गोष्टींचं पुस्तक करायला घेतलं, चित्रं काढून घेतली. "बाबा, प्रस्तावना फक्त तुम्ही लिहा. दोन पानं. कशा सुचल्या ते." तिच्या किचनमध्ये बसून मी तिला सगळं सांगितलं.

ती बराच वेळ सिंकमधली भांडी डिशवॉशरमध्ये लावत राहिली. मग म्हणाली, "शेवटपण तुम्हीच बदललात?"

"हो."

"मी ती कॅसेट लावून खिडकीत बसायचे, बाबा. रोज. आई म्हणायची, चल जेवायला, तर मी म्हणायचे, थांब, माशी परत येते ना शेवटी." माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आणि तेव्हाच तुम्हाला माहीत होतं, नाही येणार ते?"

मी हो म्हणालो. या वयात आणखी एक खोटं बोलून काय मिळवणार होतो?

नंतर आठवडाभर फोन नाही. मग आला तेव्हा तिचा आवाज कामाचा होता. कव्हरवर रेझ्काबाईंचं नाव जाईल. त्यांच्या मुलाचा पत्ता काढलाय, त्याची परवानगी आल्याशिवाय काही छापायचं नाही. शेवट त्यांचाच जाईल. मी बरं म्हणालो.

"मग मी ऐकलेल्या शेवटाचं काय करायचं?"

"तो ठेव तुझ्याकडे," मी म्हणालो. "सगळ्या गोष्टींत तेवढाच माझा होता."

तिने फोन ठेवला नाही.

मिरजेचं घर केव्हाच विकलं. एडिसनच्या घराला मी घर म्हणतो ते फक्त पोस्टमनपुरतं. डोळे मिटले की मला दिसतं ते कधीच न झालेलं परतणं: मी गल्लीत वळतोय आणि खिडकीत नंदू बसलीय. इतक्या खात्रीने माशीचं परतणं मी तिला सांगितलं होतं, की तिच्याइतकाच मीही तिथे वाट बघत राहिलो.