पोबाई

बाईंच्या वर्गात इंग्रजीचं प्रत्येक वाक्य 'पो'वर संपायचं. 'गुड मॉर्निंग, पो.' 'मे आय कम इन, पो?' बाई आम्हाला 'सिट डाउन' म्हणत, तेव्हा मात्र पो नसे. त्यांचा नियमच होता : "पो खालून वर जातो. वरून खाली येत नाही." अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. घरी कोणाला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे इंग्रजी असंच असतं हे आम्ही धरून चाललो होतो. सगळी मुलं त्यांना आपापसात पोबाई म्हणायची, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला कारण सांगितलं होतं. "इंग्रजीत कुत्र्यालाही यू आणि आजोबांनाही यू. तुमच्या तोंडून मोठ्यांना नुसतं यू म्हटलेलं मला खपणार नाही. मोठ्यांशी बोलताना शेवटी पो लावायचा." बदलापूरकडच्या गावातून येणारा बाळू लगेच उठून म्हणाला, "बाई, आमचे गोठ्यान रोज दहा पो परतान!" शेणाच्या पोला आमच्याकडे पोच म्हणतात, त्यामुळे वर्गात एकच हशा पिकला. बाई तर इतक्या हसल्या की अंबाडा सुटला. तो बांधता बांधता म्हणाल्या, "शेणाचा पो गोठ्यात, मानाचा पो वर्गात. दोन्ही जागच्या जागी हवेत." हा मानाचा पो आला कुठून, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. बाईंना कोण विचारतंय?

सरकारी पुस्तक बाई दिवाळीपर्यंत उघडतच नसत. वर्गात आल्या की आतून दाराला कडी लावायच्या, टेबलावर डस्टर आपटायच्या आणि ओरडायच्या, "बुगतोंग!" बुगतोंग म्हणजे फिलिपाइन्समधलं कोडं. पण आधी आम्ही आपल्या घरचं कोडं मराठीत घालायचं. "आधी घरचं, मग समुद्रापलीकडचं," असं त्या म्हणत. मग बाई त्यांचं घालायच्या : "आय अ‍ॅम अ हाउस. नो डोअर, नो विंडो. वॉटर इनसाइड. हू अ‍ॅम आय?" बाळू मागच्या बाकावरून "नारल!" करून ओरडायचा, बाई ऐकू न आल्यासारखा कानामागे हात धरायच्या, आणि मग सगळा वर्ग एका सुरात, "कोकोनट, पो!" बाळूच्या आजीचं कोडं आणि तिकडच्या कोणा आजीचं कोडं, उत्तर एकच निघायचं. तिकडेही नारळच असतो याचा आम्हाला केवढा आनंद व्हायचा, ते आता सांगून कोणाला पटणार नाही.

बाईंचे मिस्टर बोटीवर होते. ही गोष्ट सगळ्या शाळेला माहीत होती आणि शाळेला तिचा अभिमानही होता. मिस्टरांच्या बोटीवर एक फिलिपिनो खलाशी होता, डोंगरातल्या आदिवासींमधला. तो रोज एक गोष्ट सांगायचा, मिस्टर ती पत्रात लिहून पाठवायचे आणि बाई ती पाच-पाच शब्दांच्या इंग्रजी वाक्यांत बसवायच्या. निळं पाकीट पर्समधून काढून त्या पत्र उघडत, तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. पत्र घड्यांवर फाटलेलं असायचं आणि त्याला मागून चिकटपट्ट्या लावलेल्या असायच्या. नव्या पत्राची अशी दशा कशी झाली, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

कोंबडीची गोष्ट माझी सगळ्यांत आवडती. ससाणा कोंबडीला अंगठी देतो आणि म्हणतो, मी परत येईन, तोवर सांभाळ. तो उडून जातो. अंगठी कोंबडीकडून हरवते. ससाणा येऊन पाहतो तर अंगठी नाही. तो म्हणतो, "फाइंड माय रिंग!" तेव्हापासून कोंबडी जमीन उकरते आहे आणि अंगठी सापडेपर्यंत ससाणा तिची पिल्लं उचलतो आहे. शेवटी बाई टेबलावर नखांनी ओरखडल्यासारखं करायच्या आणि हलकेच म्हणायच्या, "शी इज स्टिल लुकिंग."

त्या वर्षी उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, एका इंग्रजी शाळेने गोष्ट सांगण्याची स्पर्धा ठेवली. पहिल्या येणाऱ्या मराठी शाळेतल्या मुलाला सहावीपासून दहावीपर्यंत तिथे फुकट शिकायला मिळणार होतं. बाईंनी मला निवडलं. दोन महिने शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं, कोंबडीची मान कशी वळते ते स्वतः करून दाखवलं. माझे बाबा कारखान्यात फिटर. त्यांनी शेजारीपाजारी सांगून टाकलं, "आमची सुरेखा इंग्रजी शाळेत जाणार." निकाल लागायच्या आधीच आईने माझ्या दोन्ही वेण्यांना नव्या रिबिनी आणल्या.

गोष्ट मी झकास सांगितली, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. फक्त समोर परीक्षक म्हणजे मोठी माणसं बसलेली, म्हणून वाक्यावाक्याला पो लावला. तिसऱ्या पोला पुढची मुलं खुसखुसली, दहाव्याला सगळं सभागृह हसत होतं. तरी मी गोष्ट शेवटपर्यंत नेली. परीक्षकांतल्या एक सिंधी बाई प्रेमाने म्हणाल्या, "बेटा, ये पो क्या है? इंग्लिश में तो ऐसा कुछ होता नहीं."

मी म्हणाले, "इट इज रिस्पेक्ट, पो." पुन्हा हशा.

"किसने सिखाया, बेटा?"

मी बोट दाखवलं. चौथ्या रांगेत बाई बसल्या होत्या, शेजारी आमचे हेडसर. हेडसरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. बाई उभ्या राहिल्या. आता त्या सगळं समजावून सांगतील, या हसणाऱ्यांची चांगली खरडपट्टी काढतील, म्हणून मी पाहत राहिले. बाई म्हणाल्या, "मी नाही शिकवलं. घरून काहीतरी उचललं असेल तिने."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

पहिला नंबर दुसऱ्याच कोणाचा आला. घरी गेल्यावर मी रडून रडून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई खोटं बोलतील का? तूच डोक्यातून काढलं असशील काहीतरी." मी म्हटलं, वर्गातल्या कोणालाही विचारा. बाबा भडकले. "आता बाईंची तक्रार करायला पोरं गोळा करत हिंडू? गप बस." आईने रिबिनी काढून कपाटात ठेवल्या. त्या दिवशी माझी इंग्रजी शाळा गेली, बाई गेल्या आणि बाबाही थोडे गेले. अकराव्या वर्षी माणसाने इतकं एकदम हरवू नये.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दार उघडं ठेवलं. सरकारी पुस्तकाचं पहिलं पान काढायला सांगितलं. बाळू सवयीने "येस, पो" म्हणाला, तर त्याला छडी बसली. बुगतोंग नाही, निळं पाकीट नाही. बाळूने मधल्या सुट्टीत मला विचारलं, "सुरे, तू काय केलंस गं?" सगळ्या वर्गाला वाटलं, माझ्यामुळे बाई बदलल्या. मी उरलेलं वर्ष त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. त्यांनीही मला बोलावलं नाही.

पुढे मी कॉमर्स केलं, आनंदनगरच्या एका कारखान्यात ऑफिसात लागले. साहेबांना बिनदिक्कत यू म्हणायला शिकले. तिथे एका सहकारिणीकडून कळलं की पोबाई निवृत्त होऊन वांगणीला राहतात, एकट्याच. एका रविवारी मी गेले. भेटायला म्हणून गेले असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मी भांडायला गेले होते.

नव्या बिल्डिंगीत तळमजल्यावर एक खोली. मागे शेत, दारात कोणाच्या तरी कोंबड्या. बाईंनी मला लगेच ओळखलं. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "उशीर केलास, सुरेखा."

मी सरळ विचारलं, "बाई, त्या दिवशी 'मी नाही शिकवलं' असं का म्हणालात?"

त्यांनी गॅस बारीक केला. "भ्याले गं."

"हेडसरांना?"

"हेडसरांनी विचारलं असतं, हा पो कुठून आणलात. मी म्हटलं असतं, मिस्टरांच्या पत्रातून, फिलिपिनो लोक मोठ्यांशी बोलताना लावतात तो. ते म्हणाले असते, दाखवा पत्र. तुम्ही वर्गात आलात तेव्हा पत्रं यायची बंद होऊन तीन वर्षं झाली होती. यांनी तिकडेच संसार मांडला होता. शेवटच्या पत्रात तेवढंच होतं, गोष्ट नव्हती." त्या चहा गाळू लागल्या. "शाळेत सगळ्यांसाठी मी बोटीवरच्या माणसाची बायको होते. तेवढंच तर उरलं होतं माझ्याकडे."

"आणि माझं काय उरलं, बाई?"

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. मला त्यांची कीव आली, हे खरं. पण माणसाची कीव आली म्हणून त्याच्यावरचा राग जातो असं कुठे आहे? त्यांना फसवलं त्यांच्या नवऱ्याने, आणि त्याची भरपाई झाली माझ्याकडून. चहा मी अर्धाच प्यायले.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. उंबरठ्याला हात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गुडबाय, सुरेखा, पो."

पो वरून खाली आला होता. आयुष्यात त्यांनी दुसऱ्या कोणा विद्यार्थ्याला तो दिला असेल असं मला वाटत नाही. उत्तरादाखल मी काय म्हणायचं हे मला पाचवीपासून पाठ होतं. त्या वाट पाहत होत्या, ते मला दिसत होतं. मी म्हणाले, "येते, बाई." आणि चालू लागले.

पुढच्याच वर्षी त्या गेल्या. बातमी बाळूने दिली, त्याने फॅक्टरीच्या गेटवर मला गाठलं. "आपली पोबाई गेली गं," म्हणाला आणि भर रस्त्यात रडला. मी नाही रडले. मला अजून राग आहे, आणि तो असायलाच हवा. पण साहेबांच्या केबिनमधून 'थँक यू, सर' म्हणून बाहेर पडताना वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. दार लावून घेतल्यावर मी ते मनातल्या मनात पुरं करते. साहेबांसाठी नाही. वांगणीच्या त्या दारात न दिलेला माझा पो अजून माझ्याकडेच आहे.