वर्लिनचं अनुमोदन

ग्रॅनबर्गमध्ये वर्लिन हाउगेनला त्याच्या नावानं फारसं कुणी ओळखत नसे. "अनुमोदन आलं का?" असंच विचारायचे. पक्षाच्या काउंटी सभेत, म्हणजे जिल्ह्याच्या सभेत, कुणीही काहीही सूचना मांडो, वाक्य पुरतं संपायच्या आत तिसऱ्या रांगेतून आवाज यायचाच, "अनुमोदन!" कॉफी पाणचट असते, घट्ट करा, अनुमोदन. हत्ती पक्षाची निशाणी, म्हणून चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत खराखुरा हत्ती आणा, त्यालाही अनुमोदन. आता विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, जिथे माणसं थंडीनं आखडतात, तिथे हत्ती आणायचा कुठून? असं कुणी वैतागून विचारलं की वर्लिन म्हणायचा, "अनुमोदन म्हणजे होकार नव्हे रे बाबा. त्याशिवाय चर्चाच होत नाही. बोलू तर दे त्याला!" मग चर्चा व्हायची, हत्ती नामंजूर व्हायचा आणि विरोधात पहिला हात वर्लिनचाच वर जायचा. असा हा प्राणी.

लग्नात पाद्रीबाबांनी "आर्डिस तुला पत्नी म्हणून मान्य आहे?" असं विचारलं, तेव्हा यानं "अनुमोदन" म्हटलं, असं गावात अजून सांगतात. साफ थाप आहे. सवय लागली ती लग्नानंतर. पण थाप इतकी चपखल बसते की खुद्द आर्डिससुद्धा ती खोडून काढत नाही.

सवय कशी लागली ते मात्र गावाला ठाऊक नव्हतं. वर्लिनचा बाप आन्टन, गाईगुरांत रमलेला, चारचौघांत तोंड न उघडणारा शेतकरी. तो आयुष्यात एकदाच सभेत उभा राहिला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "सभा दूध काढायच्या वेळेला ठेवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे." अध्यक्षांनी विचारलं, अनुमोदन? कुणी बोलेना. मग मागून कुणीतरी गाईसारखं हंबरलं आणि सगळी खोली खदाखदा हसली. आन्टननं टोपी डोक्यावर ठेवली, तो घरी आला आणि पुन्हा त्या पायरीवर चढला नाही. वर्लिनला तो दिवस जन्मभर पुरला. पुढच्याच वर्षी तो पक्षाचा सदस्य झाला आणि त्यानं मनाशी ठरवून टाकलं, आपण असेपर्यंत या खोलीत कुणाचा शब्द असा एकटा पडू द्यायचा नाही.

पोटासाठी त्यानं दुधाचा टँकर चालवला, गोठ्यागोठ्यातून दूध गोळा करत. बाकी सगळा वेळ पक्षाचा. निवडणुकीच्या पाट्या ठोकायच्या, म्हाताऱ्यांना मतदानाला नेऊन आणायचं, हरलो की दुसऱ्या दिवशी त्याच पाट्या गुपचूप उपटायच्या. पक्षानं दगड उभा केला असता तरी यानं शेंदूर लावला असता. आर्डिसचं मत कुणाला, हे मात्र इतक्या वर्षांच्या संसारात त्याला कळलं नाही. विचारलं की ती म्हणायची, "गुप्त मतदान आहे, वर्लिन. तू तुझं बघ."

त्या नोव्हेंबरात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार हरला. ग्रॅनबर्गमध्ये धो धो जिंकला, पण राज्यात थोडक्यात गेला. वर्लिननं दोन दिवस रेडिओ लावला नाही. तिसऱ्या दिवशी हातोडी घेऊन तो पाट्या उपटायला निघाला, तर निम्म्या लोकांनी त्याला अंगणातूनच परत पाठवलं. "राहू दे पाटी. अजून काही संपलेलं नाही!"

आणि खरंच संपेना. पक्षाच्या काही आमदारांनी एक पत्र काढलं, की या राज्याचा निकाल वॉशिंग्टनच्या संसदेनं धरूच नये, मतं खोटी आहेत. भराभर सह्या झाल्या. आपल्या भागाची आमदार मार्ना ड्रेगर तेवढी सही करेना. मार्ना मूळची गुरांची डॉक्टर. कोपरापर्यंत हात घालून निम्म्या काउंटीची वासरं तिनं ओढून काढलेली. तिला विचारलं तर म्हणायची, "मी बघितलं, मला खोटं काही दिसलं नाही. दिसलं तर सही करीन." बस, एवढंच. पण तेवढ्यानं ती घरभेदी ठरली.

डिसेंबरातल्या सभेच्या आदल्या दिवशी कर्ट झास्ट्रो वर्लिनकडे आला. बोटी आणि बर्फावरच्या मोटारसायकली विकणारा हा गडी, आवाज मोठा आणि डोळा मार्नाच्या खुर्चीवर.

"वर्लिन, उद्या ठराव मांडतोय. मार्नानं सही करावी, नाहीतर पुढच्या वेळी तिकीट नाही आणि आपल्या व्यासपीठावर पाऊलही नाही. आपण केला की शेजारच्या काउंट्या करतील. संपलीच बाई."

"बरं," वर्लिन म्हणाला.

"तुमचं अनुमोदन धरून चाललोय हं."

"बघू."

"बघू काय? हत्तीला दिलंत आणि पक्षाला बघू? लोक काय म्हणतील, वर्लिन हाउगेन म्हातारपणी फिरला?"

कर्ट गेला. पक्ष सोडला तर त्याला जायला दुसरं ठिकाण नव्हतं हो. मित्र तिथले, शनिवार तिथला, सुतकाला येणारी माणसं तिथली. आणि आन्टनची ती चुरगाळलेली टोपी? कर्टचा शब्दसुद्धा शब्दच ना?

आर्डिस सिंकपाशी बटाटे सोलत होती. मतदानाच्या दिवशी टाऊन हॉलमधल्या टेबलावर ती बसली होती, मतपत्रिका द्यायला नि मोजायला. शेजारी होती लव्हर्न झास्ट्रो, म्हणजे या कर्टची आई.

"दे की अनुमोदन," ती पाठमोरीच म्हणाली. "मी कुठे नको म्हणतेय? फक्त रात्रीचं जेवण चोराच्या हातचं गोड मानून घे."

"तुला कोण चोर म्हणतंय?"

"मतं खोटी, तर मोजणारी काय संत?" बटाटा दाणकन भांड्यात पडला.

शनिवारी सकाळी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये सभा भरली. साथीचे दिवस, खुर्च्या लांब लांब, मास्क कुणाच्या तोंडाला, कुणाच्या हनुवटीला. तरीही हॉल भरलेला. मार्ना पहिल्या रांगेत एकटी, आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या. तिच्या मागे लव्हर्न झास्ट्रो मोजा विणत बसलेली. ही बाई वर्षानुवर्षं सभेला यायची, विणायची आणि एक अक्षर न बोलता जायची. आर्डिस सदस्य नव्हती, पण कॉफीचा बंब तिच्या ताब्यात, म्हणून ती स्वयंपाकघराच्या खिडकीत.

कर्टनं ठराव वाचला. काय आवाज लावला होता! गद्दारी, पाठीत सुरा, सगळं आलं. टाळ्यांनी पत्रे दणाणले. मार्ना सरळ समोर बघत होती, पण तिचे कान लाल झालेले वर्लिनला मागून दिसले.

"अनुमोदन?" अध्यक्षीणबाई बेव्ह म्हणाल्या आणि सवयीनं तिसऱ्या रांगेकडे बघून लिहायलाही लागल्या.

काही आलं नाही.

बेव्हनी मान वर केली. "अनुमोदन आहे का?"

सगळ्या माना वळल्या. वर्लिन गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला, कपाळावर घाम, बाहेर बर्फ पडत असताना.

"वर्लिन!" कर्ट ओरडला. "झोपलात की काय? तुम्हीच म्हणता ना, अनुमोदन म्हणजे होकार नव्हे? होऊ द्या चर्चा!"

वर्लिन उठला.

"म्हणतो. आजही म्हणतो. पण चर्चा कशावर, कर्ट? आर्डिस आणि तुझी आई चोर आहेत की नाहीत, यावर? मी इथे उभा राहून माझ्या बायकोला विचारू, बाई गं, तू चोरी केलीस का? अरे, आपला माणूस हरला! मला काय आनंद झाला? घास उतरला नाही माझ्या घशाखाली. पण आपले पॅकर्स फुटबॉलचा सामना हरले म्हणून आपण मैदानातला धावफलक उपटून आणतो का? पाट्या उपटायच्या असतात, बाबा. मी जन्मभर उपटत आलोय."

"वर्लिन, अनुमोदनाआधी भाषण नियमात बसत नाही," बेव्ह म्हणाल्या.

"मग मी बसतो," म्हणून तो बसला.

आता गंमत बघा. हॉलमध्ये इतकी माणसं, टाळ्या पिटून पिटून हात लाल झालेली. त्यातल्या एकानं तो एक शब्द उच्चारला असता तर काम झालं असतं. पण इतक्या वर्षांत त्या खोलीत अनुमोदन द्यायची सवय कुणाला उरलीच नव्हती. ते काम वर्लिनचं! आणि वर्लिन गप्प बसल्यावर प्रत्येकाला पहिल्यांदा कळलं, की त्या शब्दाला आपलं नाव चिकटणार आहे. टाळीला नाव नसतं. कुणी बुटांकडे बघू लागलं, कुणी छताकडे. कर्टच्या दुकानातल्या भागीदारानं तोंड उघडलं, तर बायकोनं कोपर असं ढोसलं की तोंडातून नुसती हवा आली. कर्टनं आईकडे पाहिलं. आई टाके मोजत होती.

"शेवटचं विचारते," बेव्ह म्हणाल्या. चिडीचूप. बंबातली कॉफी उकळताना ऐकू येत होती. ही शांतता वर्लिनच्या ओळखीची होती. हिनंच त्याच्या बापाला घरी बसवलं होतं. आज पहिल्यांदा ती त्याला गोड लागली.

"अनुमोदनाअभावी ठराव बारगळला." हातोडी आपटली.

मार्नानं डोळ्यांवरून हात फिरवला. कर्ट खुर्चीला लाथ मारून दाराकडे निघाला. आणि वर्लिन पुन्हा उभा राहिला. आता मात्र बेव्हसुद्धा घाबरल्या.

"मला सूचना मांडायची आहे," तो म्हणाला. उभ्या आयुष्यात त्यानं एकही मांडली नव्हती. हात आपोआप डोक्याकडे गेला, टोपी हातात आली, चुरगाळली. "मतदानाच्या टेबलांवर जी माणसं बसली, आपल्या पक्षाची आणि समोरच्यांचीही, त्यांचे या सभेनं आभार मानावेत. एवढंच माझं म्हणणं आहे."

"अनुमोदन?"

पुन्हा तीच शांतता. आता कोण हंबरतंय म्हणून कान टवकारून तो उभा राहिला. बापाचं काळीज त्या दिवशी कसं धडधडलं असेल ते त्याला आत्ता कळलं.

विणकामाच्या सुया टोपलीत पडल्या. लव्हर्न झास्ट्रो खुर्चीच्या पाठीला धरून उठली.

"अनुमोदन," ती म्हणाली. मग दाराकडे वळून, "आणि कर्ट, दार लाव. थंडी आत येतेय. लावून घे आणि बस खाली."

हॉल असा फुटला म्हणता! हसणं कुठलं, टाळ्या कुठल्या, कळेना. पन्नाशीचा कर्ट मुकाट्यानं दार लावून बसला. "अनुमोदन! अनुमोदन!" चारी कोपऱ्यांतून ओरडा सुरू झाला, ज्यांची दातखीळ बसली होती त्यांना आता एकदम कंठ फुटला. बेव्ह हातोडी आपटत राहिल्या, "अरे, एक पुरतं! एकच लागतं!" हात वर झाले. थोडे झाले नाहीत, पण पुष्कळ झाले. मार्नाचा हात सगळ्यात उंच.

वर्लिन टोपी धरून तसाच उभा. सूचना मंजूर झाल्यावर माणसानं करायचं काय, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"खाली बस, वर्लिन," खिडकीतून आर्डिस ओरडली. "पास झालं तुझं!" डोळे पुसायला तिनं बंबाचं फडकं घेतलं होतं, कॉफीचा डाग गालावर आला.

दोघं गाडीनं घरी निघाली. रस्त्यात अंगणाअंगणात पाट्या अजून उभ्या होत्या. वर्लिननं एकदा नाक ओढलं.

"चल," तो म्हणाला, "कालचं बटाट्याचं हॉटडिश उरलंय, ते गरम करून खाऊ."

आर्डिसनं त्याच्याकडे पाहिलं. तिनं आजवर कुठल्याच सभेत, कुठल्याच पक्षाला हा शब्द दिला नव्हता.

"अनुमोदन," ती म्हणाली.