मालन वाचते, अक्षया ऐकते

चौथीनंतर शाळेतून काढलं तेव्हा मालन रडली नव्हती. आई मासे घेऊन बाजारात जायची, पाठची भावंडं सांभाळायला घरात कोणीतरी हवं होतं, आणि तिच्याशिवाय होतं कोण? रडली ती पुढे, पस्तिशी उलटल्यावर, तेही 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द एका दमात वाचता आला म्हणून. काही माणसांना रडू असं उशिराच येतं.

पावस गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून काजूचा कारखाना आहे, मालन तिथे काजू सोलते. टरफलाच्या तेलाने तिची बोटं काळी पडली आहेत आणि ती धुऊन जात नाहीत. नवरा धोंडू मिरकरवाडा बंदरातल्या एका मासेमारी लाँचवर खलाशी. घरी असला तर झोपलेला, नाहीतर समुद्रात. मुलगी एकच, अक्षया. तिने दहावी पास व्हावं आणि काजूच्या तेलात हात घालू नये, एवढंच मालनचं देवाकडे मागणं होतं.

अक्षया आठवीत असताना शाळेत बाहेरगावचे एक पाहुणे आले. त्यांनी मुलांकडून प्रश्न सोडवून घेतले आणि दुपारच्या चहाच्या आत अख्ख्या वर्गाची वाटणी करून टाकली. हे बघून शिकणारे, हे ऐकून शिकणारे, हे हाताने करून शिकणारे. बाजारात भेंडी निवडायलासुद्धा माणूस याहून जास्त वेळ घेतो. पुढच्या पालकसभेत वर्गाच्या स्वानंदी बाई मालनला म्हणाल्या, "तुमची अक्षया ऐकून शिकणारी आहे. कानावर पडलं की तिच्या डोक्यात राहील."

बाई सहज बोलून गेल्या. मालनने मात्र ते डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधासारखं घेतलं. पुस्तकातलं पोरीच्या कानावर पडायचं तर कोणीतरी वाचून दाखवायला हवं. ती रोज कामावरून यायची, हातपाय धुवायची आणि पुस्तक घेऊन दारात उजेडाला बसायची. अक्षया भिंतीला टेकून ऐकायची. सुरुवातीला मालनचं वाचन म्हणजे दगडधोंड्यांतून चालणं. एका ओळीत चारदा अडखळायची, जोडाक्षर आलं की थांबून पाणी प्यायची. पण तिने हातपाय गाळले नाहीत.

शेजारच्या मथुराकाकू एकदा दारातून जाताना म्हणाल्या, "काय गो मालन, शिकते कोण? पोरगी की तू?"

"तिचं डोकं कानात हाय, काकू," मालन म्हणाली. "बाईंनी सांगितलंन."

वर्षभरात तिची जीभ वळली. मग हळूहळू वाचलेलं कळायलाही लागलं. भरती-ओहोटी का होते हे तिने धोंडूला जेवता जेवता समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तो चंद्र मी रोज बघतंय, मना नको शिकवू." तरी ती खुशीतच होती. काजू सोलता सोलता शेजारच्या बायकांना ती कधी ज्वालामुखीचं सांगायची, कधी रक्त कसं फिरतं ते. बायका हसायच्या, आणि ऐकायच्याही. गणिताचं पुस्तक मात्र तिने पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं होतं. त्यातल्या खुणा काही तिला वाचता येईनात. "ते तुझं तू बघ," ती अक्षयाला म्हणाली होती.

दहावीच्या वर्षी अक्षया कधी आपलं आपण पुस्तक घेऊन बसली, तर मालन ते प्रेमाने काढून घ्यायची. "डोळे कशाला शिणवतंस? तू ऐक. तुला ऐकूनच येतं." अक्षया पुस्तक सोडायची आणि भिंतीला टेकायची.

निकाल लागला. गणितात अक्षयाला चांगले गुण होते. भाषा कशाबशा निघाल्या. विज्ञानात आणि इतिहास-भूगोलात, आईने शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवलेल्या दोन्ही विषयांत, ती नापास झाली होती.

मालन तशीच शाळेत गेली. स्वानंदी बाईंचा चेहरा उतरला. यंदा दुसरे तज्ज्ञ येऊन गेले होते, आणि मुलांचे असे प्रकार पाडण्यात अर्थ नसतो असं सांगून गेले होते. मुलाने स्वतः वाचावं, लिहावं, पुस्तक मिटून आठवून बघावं. "ऐकून शिकते असं मी म्हटलं होतं, मालनताई," बाई हळूच म्हणाल्या. "तिला वाचू देऊ नका असं नव्हतं म्हटलं." मालनने मान हलवली. पहिले पाहुणे कुठल्या गावचे होते, हे आता शाळेत कोणाला आठवतही नव्हतं.

घरी अक्षया आत विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसली होती. पुरवणी परीक्षा जुलैत होती. मालन सवयीने पुढे झाली आणि तिने पुस्तकासाठी हात पुढे केला.

"नको आई," अक्षया म्हणाली. "तू वाचायला लागलीस की माझ्या डोक्यात काय राहत नाय. नुसता तुझा आवाज ऐकू येतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नायस?"

अक्षयाने वर बघितलं नाही. "तू कामावरून आल्या आल्या पुस्तक मागायचीस. वाचताना हसायचीस. बाबा घरी असले तरी तू तशी हसत नायस. मी काय सांगू?"

मालनने पुढे केलेला हात मागे घेतला. शिक्षण झालं ते पोरीचं नव्हे, आपलंच, हे तिला लख्ख कळलं. आणि पोरीला ते ठाऊक असूनही ती इतके दिवस आपल्यासाठी गप्प बसून राहिली, हे त्याहून सहन होईना. पोरीला जवळ घ्यावं असं तिला वाटलं, पण अक्षया ओठ हलवत वाचत होती, म्हणून ती दारात जाऊन बसली. आत पान उलटल्याचा आवाज आला. कुठला धडा चाललाय हे विचारावं, असं तिला फार वाटलं. तिने विचारलं नाही.